बाराव्या पानावरची टीप

लिफ्टचं दार मिटता मिटता एक हात आत आला — आणि हातामागोमाग मास्तर!

ती पटकन मजल्यांचे आकडे मोजू लागली. आठ महिन्यांपूर्वी हा गृहस्थ इंटरनेट ग्राहकांच्या हक्कांसाठी भांडणारी त्यांची छोटी संस्था सोडून, कंपन्यांना सल्ला देणाऱ्या बड्या फर्ममध्ये गेला होता. सगळ्यांचे मसुदे लाल करून ठेवायचा, म्हणून मास्तर. तिचे सगळ्यात जास्त लाल व्हायचे. त्या लाल रेघांमध्येच कधीतरी तिचा जीव अडकला, आणि ती काही बोलणार त्याआधीच स्वारी पसार!

“वकीलबाई, ओळख तरी द्या,” तो म्हणाला. ती वकील नव्हती. तिच्या भांडखोरपणावरून त्यानेच ठेवलेलं नाव ते.

“सूट छान आहे. श्वास घेता येतो ना त्यात?”

“तू शेजारी उभी असलीस की... तसाही येत नाही.”

तिने हसू दाबलं. आज विरघळून चालणार नव्हतं. आज इंटरनेट कंपन्यांसाठीच्या नव्या सरकारी नियमांवर सुनावणी होती. कनेक्शन तोडण्याआधी ग्राहकाला लेखी कारण द्यावं, हे कलम दोघांनी एका टेबलाशी बसून, भांडभांडून सुचवलेलं. आता मास्तरची फर्म एका कंपनीच्या वतीने तेच काढून टाकायला निघाली होती. पण मास्तरच्या हातून फर्मचं निवेदन सरकारी वेबसाइटवर चढलं, ते समासातल्या खासगी टिपा न पुसताच. बाराव्या पानावर, त्या कलमाशेजारी मास्तरने आपल्या साहेबांसाठी लिहिलं होतं — ‘इथे तीच बरोबर आहे. आपल्याकडे उत्तर नाही.’

“बारावं पान वाचलंस?” त्याने हळूच विचारलं.

“पाठ आहे.”

त्याचा चेहरा उतरला. “तू ते आत वाचून दाखवलंस, तर माझी नोकरी गेली. पण... दाखव. हक्क आहे तुझा.”

सुनावणीत तिची पाळी आली. पान हातात होतं. एक वाक्य वाचलं की काम फत्ते. तिने ते पान पालथं घातलं आणि बोलायला लागली. घरून शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंचं कनेक्शन कारण न देता तोडलं, तिथपासून ते अशाच दोनशे तक्रारींपर्यंत ती सगळं बोलली.

“यावर कंपनीचं उत्तर?” अध्यक्षांनी विचारलं.

मास्तर उभा राहिला. शेजारी त्याचे साहेब डोळे वटारून बसले होते. “उत्तर नाही, सर,” तो शांतपणे म्हणाला. “खरंच नाही.”

“मग हे कलम राहील,” अध्यक्ष म्हणाले.

बाहेर जिन्यापाशी त्याने तिला गाठलं. “का नाही वाचलंस?”

“मुद्दा माझा होता. तुझ्या चुकीची कुबडी घेऊन कशाला जिंकू? आणि तू रे, शहाण्या? आता साहेब सोडतील तुला?”

“नाही सोडणार. पण तुझ्यासमोर खोटं बोलायला जीभच वळेना.” तो थांबला. “तू आवडतेस मला. संस्थेत होतो तेव्हाही... धीर झाला नाही.”

तिचे डोळे भरून आले. हाच तो माणूस, आपण उगाच नाही जीव लावला! दोन्ही बाजूंची माणसं जिना उतरत होती. त्या गर्दीत तिने त्याचा हात घट्ट धरला.

“अगं, सगळे बघतायत,” तो पुटपुटला.

“बघू देत की! त्यांनाही कळू दे, कुणाचा हात धरलाय मी.”