गिळलेलं वाक्य

"कुणाचा विश्वास बसणार नाही बाईसाहेब, पण आमच्या खैरपांढरीत मतदान यंत्र कसं दिसतं ते पोरांना ठाऊकच नाही! इथं भांडणच होत नाही!"

तात्या ढोण्यांच्या फुशारकीवर समाजमंदिर हसलं. निवडणूक अधिकारी रेश्मा इनामदारांनी टेबलावर पानाच्या डब्याएवढं यंत्र ठेवलं. कागदोपत्री नाव गृहीतशोधक. गावानं ठेवलेलं नाव चोंबडं.

नव्या नियमाप्रमाणे सरपंचाची बिनविरोध निवड पक्की होण्याआधी गावानं तिची कारणं यंत्रासमोर मांडायची. यंत्र खरं-खोटं ठरवत नसे. 'असं आहे, म्हणून तसं आहे' असं कुणी म्हटलं, की मधलं गिळलेलं वाक्य ते बोलून दाखवी. बाकी तपास अधिकाऱ्याचा. सही झाली, तर बाजीराव थोरवे पाच वर्षं सरपंच. नाहीतर मागे घेतलेले अर्ज पुन्हा जिवंत आणि मतदान.

गावानं तात्यांना पुढे केलं. त्यांच्या थापेतली म्हैस एकदा इथल्या विहिरीत पडून पलीकडच्या तालुक्यात वर निघाली होती.

"थोरव्यांपुढं कुणी उभं नाही, म्हणून ते सगळ्यांना मान्य आहेत."

यंत्र म्हणालं, "गृहीत : ज्याला उभं राहायचं होतं, त्याला राहता आलं असतं."

हसू थांबलं. कुणीतरी उगाच खोकलं. मागच्या भिंतीशी कमल शेलार बसली होती. थोरव्यांविरुद्ध अर्ज तिनं एकटीनंच भरला होता, आणि मागेही घेतला होता. तिच्याकडे कुणी बघेना.

"चोंबड्या, गप की लेका!" तात्या म्हणाले. "ही कमल मला लेकीसारखी. तिनं हसत अर्ज मागे घेतला, म्हणून तिचाही पाठिंबाच की!"

"गृहीत : अर्ज मागे घेताना तिच्यावर दबाव नव्हता."

बाजीराव मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. तात्यांचे कान लाल झाले, पण जीभ थांबेना.

"दबाव? मी साक्षीला होतो! देवळात बसलो, चहा प्यायलो. आम्ही म्हणतोय, 'बाई, ऱ्हा उभी.' तर ही म्हणते, 'नको तात्या.' देवाचा भंडारा उचलून शपथ घेतली हिनं, म्हणजे खुशीनंच झालं ना?"

"गृहीत : खुशीनं केलेल्या गोष्टीलाही शपथ घ्यावी लागते."

देवळात त्या दिवशी अर्धं गाव होतं. बायका पदराची टोकं चाळवू लागल्या, पुरुष फरशीकडे बघू लागले.

इनामदारबाईंनी पेन खाली ठेवलं. "कमलताई, तुम्ही सांगता?"

"ती लाजाळू आहे हो," तात्या घाईनं म्हणाले. "मीच सांगतो. शपथ घेऊन झाल्यावर तिनंच सगळ्यांना पेढे—"

"खोटं!" कमल उठून उभी राहिली. "खोटं बोलताय, तात्या. शपथ मी घेतलीच नाही. माझं मनगट धरून तुम्ही हात भंडाऱ्यात दाबलात. मला उभं राहायचं होतं, आजही राहायचंय. आणि त्या देवळात इतकी माणसं होती... एकालाही दिसलं नाही?"