काळ्या काचेवरचे कुंकू

दालमंडीतल्या त्या अरुंद दुकानात ऊन आत यायला कचरत होते, आणि इरावती निर्णयाला. काउंटरवर दोन रिमोट होते. एक तिच्या घरच्या टीव्ही गेमच्याच कंपनीचा, लांबलचक वायरचा. दुसरा कुठल्याशा परक्या कंपनीचा, वायरच नसलेला. त्याच्यासोबत एक चिमुकली डबी, आणि डबीच्या कपाळावर काळसर काच. डबी मशीनला लावायची, रिमोट हातात धरायचा. मध्ये काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ तिला विलक्षण वाटत होते.

वायर नकोशी झाली होती ती आईमुळे, प्रभावतीबाईंमुळे. वडील दिनानाथशास्त्री वेदपाठशाळेत शिकवत. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरून घसरून त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि भाच्याने करमणुकीसाठी आणून दिलेल्या टीव्ही गेमने त्या गंभीर पुरुषाला पुरते जिंकले. पण खाटेपासून टीव्हीपर्यंत ताणलेली वायर नेमकी स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या मधून जाई. सोवळ्यातल्या प्रभावतीबाई नैवेद्याचे ताट घेऊन तिथे थबकत, आणि खेळातला रणगाडा वाचवावा की संसार, या पेचात शास्त्रीबुवा पडत.

“परक्याचा आहे… आपल्यात बसेल की नाही कुणास ठाऊक,” इरावती स्वतःशीच पुटपुटली.

“खाच जुळली तर बसेल,” त्या हिंदी बाजारात शेजारून चक्क मराठीत उत्तर आले.

बिघडलेला टेपरेकॉर्डर काखेत घेऊन एक तरुण उभा होता. यज्ञेश त्याचे नाव. नागपूरचा, विद्यापीठात प्रकाशावर संशोधन करणारा. जेवायला मात्र तो तिच्याच गल्लीत, दूधविनायकाला अन्नपूर्णाबाईंच्या खाणावळीत येई. त्याने तिच्या पिशवीतला जुना रिमोट मागून घेतला, त्याच्या पिना डबीच्या पिनांशी ताडून पाहिल्या, दुकानदाराकडून सेल घालून घेतले आणि तिथल्याच टीव्हीवर खेळ चालवून दाखवला.

“गारंटी नाही देत तो,” इरावती म्हणाली.

“मी देतो. बंद पडला तर बोलवा… मी गल्लीतच जेवतो.”

“आणि चालला तर?”

“तर माझं नुकसान.”

रिमोट चालला, रोज, बिनबोभाट चालला. एखादी वस्तू इतकी निर्दोष असल्याचा राग इरावतीला आयुष्यात प्रथमच आला.

मग खंडेनवमी आली. घरातल्या साऱ्या उपकरणांची त्या दिवशी पूजा होई: विळी, कात्री, शास्त्रीबुवांच्या पोथ्या. यंदा प्रभावतीबाईंनी कृतज्ञतेने रिमोट आणि डबीही पाटावर मांडली. ज्याने सोवळ्याची वाट मोकळी केली, त्याला हळदकुंकू नको? संध्याकाळी शास्त्रीबुवांनी रिमोट हातात घेतला, तर रणगाडा जागचा हलेना. सेल बदलले, डबी काढून पुन्हा लावली, व्यर्थ. परक्याचे ते परक्याचेच, असा निर्णय खाटेवरून झाला. इरावतीने अन्नपूर्णाबाईंकडे निरोप धाडला, तेव्हा आपल्या आवाजात एवढे चैतन्य का, हे तिने स्वतःला विचारले नाही.

यज्ञेशने डबी उचलली, पाहिली आणि ओल्या रुमालाने काचेवरचे हळदकुंकू अलगद टिपून घेतले. रणगाडा धावू लागला. रिमोटमधून प्रकाश निघतो, त्याने समजावले. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण मध्ये काही आले की अडतो.

“मग तो कुणालाच दिसत नाही?” तिने विचारले.

“ज्याच्यासाठी निघतो, त्याला दिसतो.”

तिने हात आडवा धरला. रणगाडा थांबला. तिच्या तळव्यावर तो न दिसणारा प्रकाश पडत होता, आणि तिला त्याचा स्पर्श जाणवत नव्हता… जे जाणवत होते, ते त्या प्रकाशाचे नव्हते.

चहा घेताना कळले की दिवाळीपूर्वी त्याचे इथले काम संपेल. मग नागपूर, तिथल्या महाविद्यालयात नोकरी. इरावतीने कप उचलले. शास्त्र्यांच्या घरी परक्या तरुणाने यायचे, तर कारण लागते. आणि कारण तर तो नुकतेच रुमालाने पुसून मोकळा झाला होता.

कोजागिरीच्या दुपारी रिमोट पुन्हा बंद पडला.

यज्ञेश आला तेव्हा शास्त्रीबुवा उशाशी रिमोट ठेवून घोरत होते. स्वयंपाकघरात रात्रीच्या दुधासाठी वेलदोडे कुटले जात होते. त्याने खेळ सुरू केला, आणि टीव्हीपुढे वाकून डबी पाहिली.

“घरात हळद संपली का?” त्याने हळूच विचारले.

“का?”

“मागच्या वेळी कुंकवाशेजारी हळद होती. आज नुसतंच कुंकू आहे.”

इरावतीचा चेहरा उतरला. हळदीवाचून कुंकू आई कधीच लावणार नाही. ज्याला घाई आहे आणि चोरी आहे, तोच लावणार.

“आई विसरली असेल.”

“आणि बोट तुमचं रंगलं?”

तिने हात ओढणीत लपवला. मग वाटले, लपवायचे तरी किती.

“तुम्ही जाणार म्हणालात,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला बोलवायला… माझ्याजवळ बंद पडण्यासारखं दुसरं काही नव्हतं.”

वेलदोड्यांचा गंध खोलीभर दरवळत होता. यज्ञेशने खिशातून रुमाल काढला. तोच रुमाल, मागचा पिवळा-लाल डाग तसाच.

“धुतला नाही,” तो म्हणाला. मग डबीकडे पाहून म्हणाला, “हे पुसलं, की मला यायला कारण उरणार नाही.”

“मग कारणाशिवाय या.”

“नागपूरहून?”

“नागपूरहूनही.”

त्याने रुमाल पुढे केला. तिने तो घेतला आणि काच स्वतःच्या हाताने स्वच्छ पुसली, अगदी सावकाश, जणू काचेपलीकडून कुणी पाहत आहे. मागे खाट करकरली. शास्त्रीबुवांनी डोळे न उघडताच उशाशी हात चाचपला, मग डोळे उघडले, बटण दाबले, पुन्हा दाबले.

“दुरुस्त झालं असेल,” ते म्हणाले, “तर दोघं जरा मधून बाजूला व्हा.”

दोघेही सरकले, आणि एकाच बाजूला सरकले.