भिवाजीकाकांचा बाक

सत्यवतीने वर्गणीचा पत्र्याचा डबा कचेरीच्या टेबलावर असा आपटला, की पलीकडच्या कारकुनाच्या दौतीतली शाई उडून थेट त्याच्या पांढऱ्या बाहीवर बसली.

"अगं बाई..." ती चपापली.

"असू द्या," तो हसला. "वर्गणी शाईतही घेता, हे ठाऊक नव्हतं."

एरवी तिलाही हसू फुटलं असतं. डोळे मोठे बोलके होते त्याचे. पण आज तिच्या मुठीत विद्यापीठाचं पत्र चुरगळलं होतं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातले शिपाई भिवाजी साळवे उन्हाळ्यात वारले. सत्तावीस वर्षं त्यांनी एकच रीत पाळली. वाचक जिथे थांबेल, तिथे पुस्तकात कडुनिंबाचं वाळकं पान ठेवायचं. दुसऱ्या दिवशी न मागता पुस्तक समोर यायचं, खुणेसकट. म्हणून मुलांनी गौलीगुडा, अफझलगंज असे शहरातले मोहल्ले पायाखाली घालून आणे-दोन आणे जमवले. ग्रंथालयापाशी कडुनिंबाखाली एक दगडी बाक, त्यावर काकांचं नाव. एवढंच मागणं होतं.

"बाक चालेल, नाव नको. शिपायाचं नाव दगडावर घालण्याची प्रथा नाही," सत्यवतीने पत्र वाचून दाखवलं. "कुणी लिहिलं हे?"

त्याचं हसू मावळलं. "मी. म्हणजे... साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं."

"अक्षर मोत्यासारखं आहे हो! आणि एवढ्या मोत्यांत माणसाचं नाव एकदाही नाही. सदर शिपाई, सदर शिपाई! नाव काय तुमचं?"

"एकनाथ."

"एकनाथराव, तुमच्या पुस्तकात पान कोण ठेवायचं?"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "भिवाजीकाका."

"तोंडात येतंय की नाव! मग हाताला काय झालं होतं?"

डबा उचलून ती निघाली. संतापाने डोळे भरले होते, पण त्याला ते दिसू देईल ती सत्यवती कसली!

आठ दिवस एकनाथ तिच्या वाटेला आला नाही. राज्याचे भाषेवार तीन तुकडे व्हायची तारीख ठरली होती. मराठी मुलं, मराठी नोकरदार मराठी मुलखाकडे जायला सामान बांधत होते. आता बाक कोण बसवणार? तिला रात्री झोप येईना.

रविवारी सकाळी विद्यापीठाच्या फाटकाबाहेर तिला दगडावर छिन्नी वाजताना ऐकू आली. चहाच्या हॉटेलासमोर, जिथे काका रोज संध्याकाळी बसची वाट बघत, तिथे नवा बाक बसला होता. एकनाथ गुडघे टेकून दगडावर गेरूने अक्षरं काढत होता. पाथरवट त्याच्या मागोमाग ती कोरत होता. 'भिवाजी सा' इथवर काम आलं होतं.

"वर्गणी आमची, आणि बाक तुम्ही घातलात?" ती कडाडली.

"दगड माझा. तुमच्या डब्यातून मजुरी द्या," तो मान वर न करता म्हणाला. "फाटकाच्या आत साहेबांची प्रथा. बाहेर नाही."

हॉटेलवाले चाचा गल्ल्यावरून ओरडले, "मेरे हॉटेल के सामने है अम्मा! कौन उठाता, देखतौं मैं!"

सत्यवतीला हसू आवरेना. ती त्याच्या शेजारी बसली. शेवटचं अक्षर होईपर्यंत गेरूची वाटी तिने धरली.

मग तो हळूच म्हणाला, "माझी औरंगाबादला नेमणूक झालीय. परवा निघतो. तुम्हाला... पत्र लिहिलं तर चालेल?"

गेरूने माखलेल्या त्याच्या बोटांकडे ती बघत राहिली.

"तुमच्या नव्या कचेरीत शिपाई असेल ना?"

"असेल."

"पहिल्या ओळीत त्याचं नाव लिहा. नुसतं 'शिपाई' लिहिलंत, तर पत्र न वाचता परत धाडीन."

"आणि नाव लिहिलं तर?"

सत्यवतीने बाकावर गळलेलं कडुनिंबाचं पान उचललं आणि त्याच्या खिशात ठेवलं.

"तर... घरी आबांना तुमच्याविषयी काय सांगायचं, ते मी आत्तापासून जुळवायला घेते."