तो, ती की ते

दिवा मालवू नका रे, असू दे चालू. गोष्ट फार जुनी नाही, आणि ज्याची आहे तो माणूस माझ्या चांगल्या ओळखीतला. वनखात्याच्या कचेरीत कारकून होता. सगळे त्याला फूटपट्टी म्हणायचे. कुणी काहीही सांगितलं की हा आधी ते मोजायला बसायचा.

त्याचं कामच तसं होतं. जंगलात कुणाला काही भलतंच दिसलं की माणूस कचेरीत यायचा आणि फूटपट्टी त्याचा जबाब लिहून घ्यायचा. झाडाएवढं उंच, केसाळ, दोन पायांवर चालणारं, काय वाटेल ते! दहातल्या आठ जणांना अस्वल दिसलेलं असायचं, नाहीतर दारू चढलेली असायची. उरलेल्या दोघांसाठी त्याच्याकडे एक युक्ती होती, साहेबालासुद्धा न सांगितलेली. साक्षीदार त्या प्राण्याला काय म्हणतो, तेवढंच तो कान देऊन ऐकायचा. थापा मारणारा पहिल्या वाक्यापासून ठाम. "तो आला, तो गेला." घरून ठरवूनच आलेला ना! ज्याने खरंच पाहिलंय तो मात्र अडखळायचा. "तो... नाही, ती होती... म्हणजे ते उभं होतं हो..." बावीस वर्षांत असे अडखळणारे तिघेच भेटले होते.

चौथा निघाला त्याचा धाकटा साडू.

साडू जंगलातल्या चौकीवर एकटाच पहारा करायचा. ओढ्यापलीकडे त्याला काहीतरी दिसलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत येऊन जबाब दिला. जबाब खरा ठरला तर चौकीला दुसरा माणूस मिळणार होता. खोटा ठरला तर कामचुकारपणाचा शेरा, आणि परत तीच चौकी, एकट्याने.

आता यात फूटपट्टीच्या पोटात का दुखावं? तर रविवारी सासुरवाडीला सगळे जेवायला जमले होते. सासऱ्यांनी स्वतःची खुर्ची साडूला दिली. "सांगा, परत एकदा पहिल्यापासून सांगा." मेव्हण्या श्वास रोखून बसलेल्या. फूटपट्टीचा स्वतःचा मुलगा साडूच्या मांडीवर. आणि बायकोने काय म्हणावं? "अहो, तुम्हाला बावीस वर्षं झाली त्या कचेरीत. तुम्हाला कसं कधी काही दिसलं नाही?"

सगळे हसले. तोही हसला. "पण आतून जळून कोळसा झालो होतो," असं त्यानेच मला सांगितलं, नाहीतर अशी गोष्ट कोण कबूल करतं! जन्मभर दुसऱ्यांना काय दिसलं त्याचे कागद आपण करायचे, आणि दिसायचं कुणाला, तर या कालच्या पोराला, ज्याला नोकरीला आपणच चिकटवलं!

सोमवारी त्याने जबाबाची पक्की प्रत केली. साडू जिथे जिथे अडखळला होता, तिथे तिथे त्याने सरळ "तो" लिहिलं. बाकी एक अक्षर बदललं नाही. कागद कसा गुळगुळीत झाला, पाठ करून आल्यासारखा. खाली शेरा मारला, साक्षीदार विश्वासार्ह वाटत नाही. आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, बरं का.

साडूची सही तेवढी राहिली होती. म्हणून मंगळवारी, एकवीस नोव्हेंबरला, कचेरी सुटल्यावर तो स्कूटर काढून चौकीवर गेला. पोचला तेव्हा पावणेसात झाले होते, अंधार पडून चांदणं पसरलं होतं.

साडूला कोण आनंद झाला! "साडूभाऊ, तुम्ही? आणि या वेळेला? बसा, बसा." एकुलतं एक स्टूल त्याने पुढे सरकवलं आणि स्वतः उभ्यानेच कागद वाचायला लागला, ओळीखाली बोट फिरवत. बोट थांबलं.

"हे असं नव्हतो म्हणालो मी."

"कसं?"

"सगळीकडे 'तो' लिहिलंय. मला तर ठरवताच येत नव्हतं. तुम्हीच दोनदा विचारलंत की."

"व्याकरण सुधारलंय. करा सही."

साडूने कागद खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "साडूभाऊ, मी खरं बोललो ते तुम्हाला कळलंय. तेव्हाच कळलं होतं. मी तुमचा चेहरा बघत होतो ना." पुढे म्हणाला, "सहा रात्री झोपलो नाहीये हो मी. दुसरं कुणीतरी सोबत असलं तर..."

तो दाराकडे वळला. दाराबाहेर बघत राहिला.

"आलं," म्हणाला.

फूटपट्टी उठून बाहेर गेला. साडूने बाही धरली, ती झटकून गेला. ओढ्यापर्यंत गेला.

पलीकडे उभं होतं.

किती उंच, किती लांब, हात कुठे... काही म्हणता काही मोजलं नाही त्याने. आणि पोरांनो, भीती नंतर आली. आधी काय दिसलं असेल त्याला? ते चौकीच्या दाराकडे बघत होतं. दारात साडू होता.

हा दहा पावलांवर. समोर. आणि याच्याकडे लक्षच नाही!

तळपायाची आग मस्तकात गेली. इथेसुद्धा तोच? इथेसुद्धा?

"ए!" तो ओरडला. "इकडे बघ! मी आहे इथे!"

"गप्प... गप्प बसा..." मागून साडू.

मग ते वळलं.

पुढचं त्याने कधीच सांगितलं नाही. मी खूप खोदून विचारलं. एकदाच तोंड उघडलं. "त्याचे डोळे... नाही, तिचे..." हात मांडीखाली दाबून बसून राहिला.

पक्की प्रत त्याने त्याच रात्री फाडली. सकाळी मूळ जबाब, सगळ्या अडखळण्यासकट, साहेबाच्या टेबलावर ठेवला. चौकीला दुसरा माणूस मिळाला. पण गंमत बघा, त्या दिवसापासून तिथे कुणाला काही दिसलं नाही. साडू ढाराढूर झोपतो.

शनिवारी सकाळी फूटपट्टीने मला घरी बोलावलं. त्याचं घर शहरात, तिसऱ्या मजल्यावर. मला सरळ झोपायच्या खोलीत नेलं. बायको कोपऱ्यात मुलाला कवटाळून उभी. खिडकी बंद होती. त्याच्या उशीच्या अगदी समोर, काचेवर, वाफेचा एक डाग होता. परातीएवढा. आपण काचेला नाक लावून आत बघतो ना... तसा.

मी बाहीने पुसला. गेला नाही.

"बाहेरून आहे," फूटपट्टी म्हणाला.

मी दुसरी खिडकी उघडून वाकून बघितलं. सरळ भिंत. ना पाइप, ना कठडा. खाली रस्ता.

परत वळलो, तेव्हा डाग आणखी मोठा झाला होता.