लव्हाळ्यांचा पडदा

निशिजिन या विणकरांच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खडखड चालते. आमचा माग मात्र जवळजवळ मुका. माझे यजमान सेइजिरो किनुगासा नखांनी विणायचे. नखं कानशीने घासून त्यांना करवतीसारखे दाते पाडलेले. त्या दात्यांनीच आडवा रेशमी धागा ओढून घट्ट बसवायचा. युद्धाची वर्षं सोडली तर सारं आयुष्य त्यांनी देवळांचे पडदे विणले. आता नजर मंदावली होती. टेकडीवरच्या देवळाचा हा पडदा शेवटचा, असं आमचं ठरलं होतं.

चित्र साधं. तळ्याचा काठ आणि लव्हाळी. माणूस नाही, पक्षी नाही.

हे कापड उलट्या बाजूने विणतात. सुलटी बाजू पाहायला मागाखाली आरसा धरावा लागतो. एका दुपारी यांनी हाक मारली, "अगं, जरा बघ गं इकडे."

"चष्मा बदला म्हणते कधीची," असं म्हणत मी वाकले.

आरशात, लव्हाळ्यांमध्ये, एक बाई उभी होती. पाठमोरी. राखाडी किमोनो, मान किंचित झुकलेली.

वरून पाहिलं तर नुसती लव्हाळी.

"हे राखाडी रेशीम कुठून आणलंत?"

"घरात राखाडी रेशीम आहेच कुठे?"

यांनी तेवढा भाग उसवला. निघाले ते हिरवेच धागे. पुन्हा विणला. बाई पुन्हा आली. आता तिचा खांदा जरा आमच्याकडे वळला होता.

"सोडा हा पडदा. दुसरं कुणीतरी विणेल."

"माझ्या मागावर मी न विणलेलं कधी काही आलं नाही. कोण आहे ते बघू तरी दे."

मग हे जेवायलाही उठेनात. भात गार व्हायचा. तिचा कान दिसला. गालाचं हाड दिसलं.

शेवटच्या दिवशी मी अंगणात मुळे धूत होते. आत आरसा फुटला.

हे भिंतीला टेकून बसले होते.

"वळली?"

"हं."

"कोण होती?"

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पडदा काप," एवढंच म्हणाले.

मी तो मागावरून कापून उतरवला, उलटून पाहिला. नुसती लव्हाळी. पडदा देवळात गेला. यांनी नखं मुळापर्यंत कापली.

वसंतात देवळातून सत्काराचं बोलावणं आलं.

"तू येऊ नकोस," हे म्हणाले.

"इतकी वर्षं तुमच्यासाठी धागे गुंडाळले, आणि मानाच्या दिवशी घरी बसू?"

 टेकडी चढताना यांनी माझं मनगट धरून ठेवलं.

म्हातारे भिक्षू पायरीवर आले. यांना वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे पाहून गोंधळले.

"बाई, तुम्ही बाहेर कधी आलात? आत्ताच तर पडद्यासमोर बसवून तुम्हाला चहा दिला."

मनगटावरची पकड घट्ट झाली.

समोर कागदी दार लावलेलं होतं. त्याच्यामागे कुणीतरी पेला हलकेच खाली ठेवला.