आबांची गिटार आणि मांडवातली घूंऽऽ

"हलू नको बे गणेश! तू हललास की तार भलतीकडंच चिकटते!"

अनुपमा ओरडली. तिच्या हातातल्या सोल्डरिंगच्या कांडीतून धुराची बारीक रेघ वर चालली होती. तिचा मामेभाऊ गणेश मांडीवर गिटार उताणी धरून बसला होता आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता.

"पण नाक खाजून राह्यलं ना माह्यं!"

"कुलदीप, याचं नाक खाजव!"

अनुपमाचा धाकटा भाऊ कुलदीप अशा कामांना कधीच मागं नसायचा. त्यानं गणेशचं नाक असं काही खाजवलं की तो किंचाळलाच. पण गिटार तसूभरही हलली नाही! तांब्याच्या तारेवर कथलाचा चकचकीत थेंब बसला आणि अनुपमानं श्वास सोडला.

"जमलं!"

उन्हाळ्याची सुट्टी लागल्याबरोबर अनुपमा आणि कुलदीप चिखलीहून एसटीनं दुसरबीडला, मामाच्या घरी आले होते. गणेशच्या मोठ्या बहिणीचं, संजीवनीताईचं लग्न होतं. घर आवरताना माळ्यावरच्या रिकाम्या बारदानाखाली ही गिटार सापडली. पूर्वी आबांचं, म्हणजे शेषराव आजोबांचं बँडपथक होतं. आसपासच्या गावांतल्या वराती त्यांच्याच बँडवर नाचायच्या. ही तेव्हाची विजेवरची गिटार. तीही कुठली भारी नव्हे, सगळ्यांत स्वस्तातली! रंगाचे पोपडे निघालेले, तारांना गंज, मान वाकलेली, आत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी.

"राहू द्या पोरांनो," आबा म्हणाले होते. "मेली ते. हलकं लाकूड, हलकं सामान. तिच्यात आता काही राह्यलं नाई."

अनुपमा सातवीतून आठवीत गेली होती. तिला 'काही राह्यलं नाई' हे वाक्य मुळी आवडायचंच नाही. घरातला मिक्सर, घंटी, रिमोट, सगळं तिनं उघडून पाहिलं होतं आणि त्यातलं बरंचसं पुन्हा चालूही केलं होतं. ती म्हणाली, "आबा, ताईच्या हळदीत हे गिटार वाजवून दाखवतो आम्ही!"

मग काय! ओसरीवर कारखानाच सुरू झाला. मोबाइलवरचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहायचे आणि एकेक काम करायचं. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती चावीनं अगदी पाव-पाव फेरा पिळायची आणि रात्रभर मानेला सरळ व्हायला वेळ द्यायचा. कुलदीपला एकदम पूर्ण फेरा पिळायचा होता. अनुपमानं चावी स्वतःच्या केसांत खोवून ठेवली! मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटाला कापत होती. ती गणेशनं बारीक कानशीनं इतकी गुळगुळीत घासली की शालूमामीनंही बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, लोण्यासारखं झालं की!" जुना रंग खरवडून त्यावर ट्रॅक्टरला मारतात तो लाल रंग मारला. पोकळीला आतून स्वयंपाकघरातली चंदेरी पन्नी चिकटवली, म्हणजे बाहेरची खरखर आत शिरत नाही. तारांखाली चुंबकाचा एक लांबट भाग असतो, पिकअप म्हणतात त्याला. तारेची थरथर तोच पकडतो. जुना पिकअप मेला होता. त्या जागी नवा, चांगल्यातला बसवला.

आणि आवाजासाठी? फरसाणाच्या रिकाम्या डब्यात अनुपमानं बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर बसवला होता. डब्याला भोकं पाडून आत स्पीकर! भोकं पाडायचं काम कुलदीपचं. म्हणून ती जरा जास्तच पडली होती.

त्या दुपारी शेवटची तार जोडून झाली. नव्या तारा चढल्या. अनुपमानं डब्याचं बटण दाबलं आणि तार छेडली.

टणण्ऽऽऽ!

स्वच्छ, गोल, लांबत जाणारा सूर! घरात पत्रिका वाटण्याचा हिशोब चालला होता, तो थांबला. आबा खाटेवरून उठून बाहेर आले. त्यांनी गिटार हातात घेतली, मान डोळ्यांपुढं धरून सरळ आहे का ते पाहिलं, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"हे आमच्या वक्ताला नवी होती, तवाबी अशी वाजली नव्हती," एवढंच ते म्हणाले. पण अनुपमाचे कान लालेलाल झाले!

हळदीचा दिवस उजाडला. अंगणात लोखंडी खांबांचा मांडव उभा राहिला होता. मांडववाले कचरूकाका हातात रुमाल फिरवत सगळीकडे हुकूम सोडत होते. ऊन रणरणत होतं, म्हणून दोन मोठे कूलर लावले होते. धूळ उडू नये म्हणून अंगणात नुकतंच भरपूर पाणी शिंपडलं होतं. कोपऱ्यातल्या खांबाशेजारी नवरीचा पाट मांडला होता आणि त्याच्याजवळ पाण्याची भरलेली घागर.

"चल, एकदा वाजवून पाहू," गणेश म्हणाला.

अनुपमा पाटाजवळ उभी राहिली. डब्याचं बटण दाबलं.

घूंऽऽऽऽऽ!

तिनं अजून तारेला हातही लावला नव्हता!

जमलेल्या बायका हसायला लागल्या. कचरूकाका तर मोठ्यानं म्हणाले, "काय रे पोट्टेहो, गिटार आणलं का पिठाची चक्की?"

तिघंही घाईघाईनं मांडवाबाहेर पळाले.

"तुह्यं सोल्डर सुटलं असंन," कुलदीप म्हणाला.

"माह्यं सोल्डर सुटत नसते!" अनुपमा तडकली. पण तिचा चेहरा पडला होता. तिनं मागचं झाकण उघडलं. एकेक जोड ओढून पाहिला. सगळे पक्के! पन्नीही जागच्या जागी.

"इथं चालू कर बरं," गणेश म्हणाला.

गोठ्याजवळच्या कडुलिंबाखाली अनुपमानं बटण दाबलं. शांत! तार छेडली. टणण्ऽऽ! एकदम स्वच्छ.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे गिटार चांगली आहे," अनुपमा सावकाश म्हणाली. "मांडवातच काहीतरी आहे!"

"भूत?" कुलदीपनं डोळे मोठे केले.

"भूत नाई बे, करंट! पिकअपला विजेचा प्रवाह ऐकू येते. मोबाइलच्या चार्जरजवळ नेलं तरी थोडं गुणगुणते. पण एवढं मोठ्यानं? चला, ऐकत ऐकत जाऊ."

ती गिटार पोटाशी धरून हळूहळू चालायला लागली. कुलदीप डबा घेऊन मागं. पाहुण्यांना वाटलं, पोरं खेळतायत. दाराजवळ आवाज नव्हता. कूलरजवळ बारीक घूं. जेवणाच्या बाजूला काहीच नाही. नवरीच्या पाटाकडे वळले, तसा आवाज वाढत गेला, वाढत गेला आणि कोपऱ्यातल्या खांबापासून हातभर अंतरावर तर डबा थरथरायलाच लागला! अनुपमानं गिटार आडवी फिरवली, आवाज कमी. पुन्हा खांबाकडे रोखली, घूंऽऽऽ!

"पण या खांबाला तर वायरच नाई!" गणेशनं हात पुढं केला.

"गणेश! हात लावू नको!" अनुपमा अशी किंचाळली की तो जागच्या जागी गोठला.

"कुलदीप, जाय! तो कूलर बंद कर. खटका लाकडी फळीवर आहे, चप्पल घालून जाय!"

कुलदीप डबा गणेशच्या हातात देऊन सुसाट पळाला. खटका पडला आणि त्याच क्षणी डब्यातली घूं थांबली. पुन्हा चालू केला, घूंऽऽऽ!

अनुपमानं पायाखालच्या ओल्या मातीकडं पाहिलं. "कूलरचा करंट या खांबातून जमिनीत उतरून राह्यला. आणि जमीन ओली आहे. ताई इथं बसणार, अंगावर पाणी घेणार…"

घरातून बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता. हळदीची ताटं तयार होती. लहान पोरं अनवाणी इकडून तिकडं पळत होती.

कुलदीपनं कूलर बंद केला, तर उकडतंय म्हणून एका पाहुण्यानं लगेच पुन्हा चालू केला. गणेश पोरांना हाकलत पाटाजवळ उभा राहिला आणि अनुपमा धावत कचरूकाकांकडे गेली. "काका, तो कूलर बंद करा! कोपऱ्यातल्या खांबात करंट आहे!"

"कोणं सांगतलं?"

"गिटारनं!"

कचरूकाका पोट धरून हसले. "ऐका! आता गिटार मले लायटिंग शिकवंन! अवं बाई, इतके मांडव टाकले मी. कूलर बंद केला तर पाहुणे मलेच बोलतीन. जा, खेळा तिकडं."

"पण काका, एकदा तपासून तर…"

"जाय म्हणलं ना!"

अनुपमा परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण रडायला वेळ कुठं होता? आतून आवाज आला, "नवरीला आणा गंऽऽ!"

"गणेश, घराचा मेन खटका कुठं आहे?"

"मधल्या खोलीत, दाराच्या मागं."

"पाड!"

"आबा मारतीन ना मले!"

"मारू दे. पाड!"

गणेश वाऱ्यासारखा पळाला. खट्! कूलर, पंखे, गाणी, सगळं एकदम बंद!

आणि गंमत पाहा! कोणीच आरडाओरडा केला नाही. "गेली वाटतं लाइट!" असं म्हणून पाहुण्यांनी पत्रिका आणि पदर यांनी वारा घ्यायला सुरुवात केली. कचरूकाका तर खुर्ची ओढून बसले आणि लाइटवाल्यांच्या नावानं बडबडत राहिले!

"आता लवकर!" अनुपमा म्हणाली. "कुलदीप, आबांना बोलव. गणेश, तू परत खटक्यापाशी जाऊन उभा राहा, कोणाला वर करू देऊ नको!"

आबा आले. अनुपमानं धापा टाकत सगळं सांगितलं. तिला वाटलं, आबाही हसतील. पण आबांनी आयुष्यभर कान लावून सूर ऐकले होते. त्यांनी विचारलं, "खांबाजवळच वाढते, अन् कूलर बंद केला की थांबते. नक्की?"

"नक्की, आबा!"

"मंग पाहूच."

आबांनी खांबाच्या पायाशी गुंडाळलेलं झालरीचं कापड सोडलं. खांबाखाली लोखंडी पत्र्याची बैठक होती आणि मांडव उभारताना ती बैठक थेट कूलरच्या वायरीवरच ठेवली गेली होती! वर कापड गुंडाळल्यामुळं वायर कोणाला दिसलीच नव्हती. आबांनी पहारीनं बैठक जराशी उचलली. वायरीचं आवरण चिरून गेलं होतं आणि आतलं उघडं तांबं चकचकत होतं. लोखंडाला टेकून!

तेवढ्यात कचरूकाका तरातरा आले. शेजाऱ्यांचा पंखा चालू आहे हे आता त्यांच्या लक्षात आलं होतं. "कोणं पाडला खटका? हे पोट्टे…"

"कचरू," आबा शांतपणे म्हणाले, "खाली पाह्य."

कचरूकाकांनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"माह्यी छाया…" ते पुटपुटले. त्यांची चिमुरडी लेक सकाळपासून तिथंच खेळत होती. "सकाळी याच खांबाले धरून गरगर फिरत होती ते! पाणी शिंपडलं नव्हतं तवा. आता जर फिरली असती…"

छाया पलीकडं फुगा घेऊन उभी होती. कचरूकाकांनी तिला उचललं आणि किती तरी वेळ खाली सोडलंच नाही.

मग मात्र ते असे कामाला लागले की पाहत राहावं! वायर बदलली, उंचावरून नेली, प्रत्येक खांब टेस्टर लावून पाहिला. विजेची गळती झाली की आपोआप पडणारा खटका गाडीत नुसताच पडून होता, तोही बसवला. सगळं झाल्यावर ते अनुपमापुढं आले. हसू नव्हतं, हुकूम नव्हता.

"बाई, आणखी एकदा फिरव तुह्यं ते गिटार. मंगच नवरी बसंन."

अनुपमा सगळ्या मांडवातून फिरली. सगळे पाहुणे श्वास रोखून ऐकत होते. कोपऱ्यातल्या खांबाजवळ डबा गप्प होता. तिनं मान डोलावली आणि शालूमामीनं तिला सगळ्यांसमोर पोटाशी धरलं.

"याह्यच्या गिटारीचा आवाज ऐकून तुम्ही हसले होते ना?" आबा पाहुण्यांना म्हणाले. "मीबी तिला मेली म्हणलो होतो. तिच्यात हलकं काही नव्हतं, आपलीच नजर हलकी होती. या पोरांनी तिचा एकेक जोड मनापासून केला. म्हणून गडबड झाली तवा याह्यला पक्कं माहीत होतं, चूक गिटारीत नाई!"

गणेशनं हळूच विचारलं, "आबा, मेन खटका पाडला म्हणून मारणार नाई ना?"

"मारीन! तुले आधीच पाडता आला नाई का?" आबा म्हणाले आणि मांडव हशानं भरून गेला.

हळद लागली. अनुपमानं गिटार गळ्यात अडकवली आणि आबांनी शिकवलेलं गाणं वाजवायला सुरुवात केली. दोन ठिकाणी बोट चुकलं, पण फरसाणाच्या डब्यातून येणारा सूर असा खणखणीत होता की बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. कचरूकाका छायाला खांद्यावर घेऊन ठेक्यात डोलत होते. गाणं संपल्यावर ते कुलदीपच्या कानाशी वाकले.

"परवा माहा आणखी एक मांडव आहे, जवळच. मांडव टाकून झाला की येता का तिघं? गिटार घेऊन?"

"येतो ना!" कुलदीप म्हणाला. "पण जेवण पाहिजे!"

तेवढ्यात हळदीनं माखलेली संजीवनीताई पाटावरून उठली आणि तिनं लाडक्या आतेबहिणीला मिठी मारायला दोन्ही हात पसरले.

"ताई, थांब! रंग नवा आहे! गिटारऽऽ!"

पण ताई थोडीच थांबते! लाल गिटारीवर पिवळ्याधम्मक हाताचा अख्खा पंजा उमटला. गणेश फडकं घेऊन धावला.

"राहू दे," अनुपमा म्हणाली. तिनं गिटार उन्हात धरून पाहिली आणि हसली. "आता कुठं पूर्ण झाली!"