थेंबांचा मान

सासूबाई माहीमला लेकीकडे गेल्याशिवाय लालबागच्या त्या घरात बाटली उघडणं शक्यच नव्हतं. अनुजानं वेळ बरोबर साधली. कोण कशावर रुसतं, कोण कशानं विरघळतं, सासरच्या प्रत्येक माणसाचं खातं ठाकूरद्वारच्या या पोरीच्या डोक्यात चोख असे. फक्त नवऱ्याचं जुळत नव्हतं. वडील गेल्यापासून विनीत हसायचाच बंद झाला होता. वर्षश्राद्ध उरकलं, तरी नाही. आज त्याला हसवायचंच, म्हणून ही नाशिकची रेड वाइन.

दिवेलागण झाली होती. खिडकीतून मिरची कांडपाचा ठसका येत होता. लग्नात आलेल्या सेटातले दोनच ग्लास शाबूत राहिलेले. विनीतनं आपल्या ग्लासात बोट बुडवून चार थेंब जमिनीवर शिंपडले. त्याचे बाबा पहिल्या घोटाआधी रोज तसंच करायचे. गेलेल्या माणसांचा मान.

"एवढंच? तुम्ही मालवणी म्हणजे भारी चिंगूस!" अनुजानं त्याचा ग्लास ओढून घेतला, काठोकाठ भरला आणि बाबांच्या रिकाम्या आरामखुर्चीपुढं टीपॉयवर ठेवला. "घ्या, बाबा."

"आणि मी कशातून पिऊ?"

"फुलपात्रातून पी. घरचाच आहेस."

विनीत हसला. चक्क मोठ्यानं. "बाबा म्हणाले असते, सूनबाई, सोलकढी नासली गो!"

मग स्टीलच्या फुलपात्रातून घुटके घेत तो बाबांच्या गमती सांगत सुटला. फुलपात्र सोफ्यापाशी ठेवून पापड भाजायला आत गेला, तरी तिथूनही बडबड चालूच.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"आई, ऐका, विनीत हसतोय!" आनंदाच्या भरात अनुजानं सगळं सांगून टाकलं. वाइनसकट.

सासूबाई रागावल्या नाहीत.

"अगो, थेंब म्हणजे घे नि जा. भरलेलो ग्लास म्हणजे बस." त्यांचा आवाज खाली आला. "खुर्चीपुढचा भांडा आधी उपडा घाल. म्हणजे ज्याचा भांडा, तो उठतलो."

अनुजाला हसू आलं. फोन ठेवून ती वळली आणि हसू तिथंच राहिलं.

आरामखुर्चीचं कापड खाली ताणलेलं होतं. कुणाच्या तरी वजनानं.

तिकडे न बघता तिनं हात पुढं केला. खुर्चीपुढचं भांडं उचललं. टीपॉयवर उपडं घातलं.

खण्ण.

आवाज स्टीलचा होता.

काचेचा ग्लास सोफ्यापाशी होता, विनीतच्या जागी. तळापर्यंत रिकामा.

आतली बडबड थांबली. अर्ध्या शब्दावर.

तिनं झटकन फुलपात्र सुलटं केलं. "विनीत?"

करपल्याचा वास आला.

मग तो बाहेर आला. विनीतचाच टी-शर्ट, विनीतचाच चष्मा. सोफा ओलांडून तो सरळ आरामखुर्चीत टेकला. विनीत तिथं वर्षभरात एकदाही बसला नव्हता.

"पापड करपलो गो, सूनबाई."

त्यानं सावकाश फुलपात्र भरलं, त्यात बोट बुडवलं आणि चार थेंब जमिनीवर शिंपडले.

"आधी आमच्या विनीतचो मान," तो म्हणाला.